तालासाठी सॅम्पलर की संगणक?

ध्वनी साठवावयाचा असल्यास प्रथम त्याचे अंकांत रूपांतर करावे लागते. सेकंदास हजारो वेळा त्याची पातळी मोजून ते अंक स्मृतीत ठेवतात. हे काम करणाऱ्या यंत्रास सॅम्पलर म्हणतात.

१९८७ साली अमेरिकेत आलेला एसपी-१२०० हा सॅम्पलर सेकंदास सुमारे २६,००० मापे घेई. प्रत्येक माप ४,०९६ पायऱ्यांपैकी एकीवर बसे. स्मृतीत मात्र अवघे १० सेकंद मावत. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप संगीतकारांनी यावर युक्ती काढली. मिनिटास ३३ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका ते ४५ फेऱ्यांनी वाजवून साठवीत व नंतर यंत्रात तिचा वेग उतरवीत. जागा वाचे, पण आवाज खरखरीत होई. तीच खरखर पुढे त्या संगीताची ओळख ठरली.

आजच्या संगणकास अशी तंगी नाही. त्यात किमान ६५,५३६ पायऱ्या सहज मिळतात व तासन् तास ध्वनी साठविता येतो. जुन्या यंत्राचा गुण असा, की त्याच्या कळा बोटांखाली असतात आणि अपुऱ्या जागेमुळे नेमकी निवड करावी लागते. परंतु तशा कळा संगणकासही जोडता येतात, आणि दहा सेकंदांचे बंधन स्वतःहून पाळता येते. म्हणून घरी वा शाळेत संगणक असल्यास नवशिक्याने आरंभ तेथूनच करावा.