चंचल विद्यार्थी आणि दिवसाचा रोजमेळ

पालकसभेचा दिवस असतो. दुकानात गिऱ्हाईक असतानाही गल्ल्याची किल्ली धाकट्या भावाच्या हाती देऊन वडील शाळेत आलेले असतात. आई आधीच येऊन वर्गाबाहेरच्या बाकावर बसलेली असते. पाळी येते. शिक्षिका मुलाची वही पुढे सरकवतात. पहिली चार गणिते अचूक, पाचवे अर्धवट, त्यापुढे पान कोरे. “मुलगा हुशार आहे हो, पण जागेवर बसत नाही. प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडतो. शेजारच्याला काम करू देत नाही.” वडील मान खाली घालतात. त्यानंतर घरी काय घडते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. एक तर मुलाच्या गालावर चपराक बसते, नाही तर आजोबा म्हणतात, “जाऊ द्या. मोठा झाला की गादीवर बसेल आणि सुधारेल.”

या दोन्ही उत्तरांत मुलाचे नुकसानच आहे. चपराकीने लक्ष लागत नाही. भीती तेवढी लागते. आणि गादीवर बसण्याच्या वयाची वाट पाहावी, तर मधल्या आठ-दहा वर्षांत ते मूल स्वतःविषयी एक मत बनवून बसते : ‘मी वाईटच आहे.’ शाळेत रोज बोलणी खाणाऱ्या मुलाला हे मत कोणी शिकवावे लागत नाही. एकदा ते मनात पक्के झाले की पुढे कितीही कौतुक केले तरी खोडणे अवघड जाते. म्हणून या प्रश्नाकडे वेळेवर आणि शांत चित्ताने पाहणे आवश्यक ठरते.

जुना प्रश्न, नवे नाव

अतिचंचलता हे आजच्या मोबाइल युगाचे अपत्य आहे, असा एक समज आहे. वस्तुतः १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली होती. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणारी मुले, हा त्यांचा विषय होता. आज वैद्यकशास्त्र या अवस्थेला एडीएचडी या संक्षिप्त नावाने ओळखते. लक्ष टिकवण्यातील उणीव, अतिचंचलता आणि विचारापूर्वीच कृती करणे ही तिची तीन अंगे होत. शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत ती आढळते. म्हणजे पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असणे हा अपवाद नव्हे, तो नियमच म्हणावा लागेल.

तथापि प्रत्येक खोडकर मूल अतिचंचल नसते. निदानासाठी तज्ज्ञ काही कसोट्या लावतात. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, बारा वर्षे वयाच्या आधी दिसू लागलेली असावीत, केवळ शाळेत किंवा केवळ घरी न दिसता एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांच्यामुळे अभ्यासात किंवा माणसांच्या संबंधांत खरोखर अडथळा येत असावा. फक्त एका विषयाच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी त्या तासाकडे पाहावे लागते. मुलींमध्ये तर ही अवस्था बहुधा गडबडीच्या रूपाने दिसत नाही. शांत बसलेली, खिडकीबाहेर पाहणारी मुलगी ‘विसराळू’ म्हणून सोडून दिली जाते आणि तिची अडचण कोणाच्याच नजरेस येत नाही.

दोष कोणाचा?

घरात पहिला प्रश्न हाच निघतो. आईने लाडावले, वडिलांनी वेळ दिला नाही, सणावाराला मिठाई फार झाली, अशी कारणे सांगितली जातात. मिठाईचा विषय शास्त्रज्ञांनी नीट तपासला आहे. साखर दिलेली मुले आणि तशीच गोड पण साखर नसलेली वस्तू दिलेली मुले यांच्या वागण्यात फरक आढळला नाही. एका प्रयोगात तर मुलांना साखर दिलीच नव्हती. मात्र ती दिल्याचे ज्या मातांना सांगण्यात आले, त्यांना आपला मुलगा अधिक चंचल वाटला. अपेक्षा नजरेलाही फसवते, हा त्यातला बोध. मिठाई मर्यादेत असावी ती दातांसाठी आणि आरोग्यासाठी. चंचलतेचे खापर तिच्यावर फोडू नये.

या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाची लक्षणे ऐकताना वडिलांना स्वतःचेच बालपण आठवावे, असे अनेकदा घडते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेऊन तपासण्यात आल्या. मेंदूच्या बाह्यस्तराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले सुमारे साडेसात वर्षांच्या वयात गाठतात, तो या मुलांनी सुमारे साडेदहाव्या वर्षी गाठला. वाढीचा क्रम तोच होता. गती मंद होती. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांच्या संयमाची अपेक्षा करताना ही तफावत ध्यानात घेतली, तर पुष्कळसा राग आपोआप ओसरतो.

वर्ष वाचावे म्हणून मुलाला लवकर शाळेत घालण्याची घाई अनेक घरांत असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. तेथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये हे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे काही मुले अतिचंचल नव्हतीच. ती फक्त वर्गमित्रांहून लहान होती. घाईने वाचवलेले वर्ष असे महागात पडू शकते.

कॅन्ससमधील एक वर्ग

वर्ग सांभाळायचा कसा, या प्रश्नाचे एक जुने आणि उपयुक्त उत्तर अमेरिकेतील कॅन्सस येथे सापडले. १९६९ साली बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या तिघांनी ते प्रसिद्ध केले. चौथीच्या वर्गात २४ विद्यार्थी होते. त्यांपैकी सात जणांची तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत अनेकदा गेली होती. शिक्षिकेने वर्गाचे दोन संघ केले. न विचारता जागा सोडणे, मध्येच बोलणे असे जे चालणार नाही ते आधीच स्पष्ट सांगितले. नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण होई. कमी खुणा मिळवणारा संघ जिंकत असे आणि दोन्ही संघांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोघेही जिंकत. बक्षीसही साधेच असे : जेवणाच्या रांगेत पहिला मान, नावापुढे तारा, दिवसअखेरीस थोडा मोकळा वेळ.

गणिताच्या तासाला आधी निरीक्षणाच्या शंभरपैकी सुमारे ९६ क्षणांत कोणी ना कोणी मध्येच बोलत असे आणि ८२ क्षणांत कोणी तरी जागा सोडलेली असे. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे अनुक्रमे १९ आणि ९ वर आले. खेळ थांबवला तेव्हा गोंधळ परतला; पुन्हा सुरू केला तेव्हा पुन्हा ओसरला. पुढे बाल्टिमोर शहरातील शाळांत पहिलीच्या वर्गांत हाच खेळ राबवून त्या मुलांचा मागोवा तारुण्यापर्यंत घेण्यात आला. लहानपणी अधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनाधीनतेचे प्रमाण कमी आढळले.

या यशामागे कठोरपणा नव्हता. नियम थोडे आणि स्पष्ट होते, निकाल त्याच दिवशी लागत होता आणि जिंकण्याची संधी प्रत्येकाला होती. एक सावधगिरी मात्र हवी. एकाच मुलामुळे संघ वारंवार हरू लागला तर सवंगडी त्याच्यावर रोष धरतात. कॅन्ससच्या वर्गातही हा प्रसंग आला आणि अशा मुलांचा हिशेब संघापासून वेगळा करण्यात आला. मुलाचा मान राखणे हा या खेळाचा पहिला नियम समजावा.

शिक्षकांच्या हातातील गोष्टी

मोठ्या वर्गातही काही गोष्टी खर्चाशिवाय करता येतात. अशा विद्यार्थ्याची जागा पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर आणि शांत मुलाच्या शेजारी असावी. ती शिक्षा म्हणून दिलेली नसावी. सूचना एका वेळी एकच आणि थोडक्या शब्दांत द्यावी व त्याच्याकडून ती वदवून घ्यावी. वीस गणितांचा ढीग एकदम न देता पाच-पाच गणितांचे चार भाग करावेत. हालचाल ही या मुलाची गरज आहे, म्हणून तिला काम द्यावे : फळा पुसणे, वह्या वाटणे, कार्यालयात निरोप पोहोचवणे. मधली सुट्टी कापून घेण्याची शिक्षा तर कधीच करू नये; ज्या मुलाला धावण्याची सर्वाधिक गरज आहे, त्याचेच धावणे बंद केल्याने पुढचा तास अधिक बिघडतो.

सर्वांत मोठे साधन आहे नेमके कौतुक. ‘शहाणा मुलगा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘आज तू हात वर करून उत्तर दिलेस’ असे म्हटले की नेमके काय आवडले, ते मुलाला कळते. चुकीकडे तत्काळ आणि चांगल्याकडे कधीतरी लक्ष देण्याची सवय उलटी करणे, एवढ्यानेही वर्गाचा सूर बदलतो.

दिवसाचा रोजमेळ

व्यापारी कुटुंबाला सहज पटावे असे एक साधन म्हणजे दैनिक नोंदपत्रक. ज्या पेढीचा हिशेब वर्षातून एकदाच पाहिला जातो, तेथे चूक कोठे झाली हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून रोजमेळ रोज जुळवतात. मुलाच्या वागण्याचा हिशेब मात्र सहामाही पालकसभेपर्यंत साचू दिला जातो.

नोंदपत्रक लहान असावे. त्यात तीन किंवा चारच गोष्टी असाव्यात : दिलेले काम पूर्ण केले, हात वर करून बोलला, वस्तू जागेवर ठेवल्या. प्रत्येक तासाला शिक्षक ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण करतात. ध्येय आरंभी इतके सोपे असावे की मूल बहुतेक दिवशी जिंकेल. हळूहळू ते वाढवावे. संध्याकाळी घरी पत्रक पाहून त्याच दिवशी ठरलेले छोटे फळ द्यावे : वडिलांबरोबर अर्धा तास क्रिकेट, आजीकडून एक जादा गोष्ट, दुकान बंद करताना शटर ओढण्याचा मान. महिन्याअखेरच्या सायकलीचे आश्वासन या मुलांना उपयोगी पडत नाही. त्यांना उधारी चालत नाही, रोख व्यवहार लागतो. ज्या दिवशी पत्रक रिकामे येईल, त्या दिवशी फळ नाही, एवढेच. व्याख्यान नको, मागील बाकी पुढे ओढणे नको. दुसऱ्या दिवशी नवे पान.

औषध आणि तज्ज्ञ

वागणुकीचे उपाय पुरेसे पडले नाहीत तर बालमानसोपचारतज्ज्ञ औषधाचा विचार करतात. मेथिलफेनिडेट हे त्यांतील प्रमुख. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले होती. चौदा महिन्यांच्या शेवटी मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध अधिक परिणामकारक ठरले. औषधाला वागणुकीच्या उपचाराची जोड दिलेल्या मुलांना मात्र औषधाची मात्रा कमी पुरली. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे असे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवावी लागते. औषध शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करू नये आणि नातेवाइकांच्या टोमण्याने बंदही करू नये. तपासणीच्या वेळी दृष्टी, श्रवण आणि वाचन-लेखन यांचीही पाहणी करून घ्यावी. चंचलतेबरोबर अध्ययन अक्षमता असणे सामान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने तिचे प्रमाणपत्र परीक्षेतील सवलतींसाठी उपयोगी पडते.

विश्वस्तांची जबाबदारी

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली असून आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नसल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. ज्या व्यापाऱ्यांनी शाळा उभारल्या आणि जे त्यांच्या विश्वस्त मंडळांवर बसतात, त्यांच्यावर त्यामुळे वेगळीच जबाबदारी येते. ‘याला दुसऱ्या शाळेत घाला’ असे हळूच सुचवणे सोपे आहे. एक समुपदेशक नेमणे, शिक्षकांना वर्षातून दोन दिवसांचे प्रशिक्षण देणे आणि वर्गातील पटसंख्या आटोक्यात ठेवणे याला खर्च येतो. नवी इमारत आणि दगडी नामफलक यांवर जो निधी लागतो, त्याच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा आहे.

पालकसभेतून परतणाऱ्या वडिलांना एवढे करता येईल : त्या वहीतील कोऱ्या पानाविषयी बोलण्यापूर्वी अचूक सोडवलेल्या चार गणितांविषयी बोलावे. मूल चारपर्यंत पोहोचले होते, याची नोंद कोणीतरी घेतली, हे त्याला कळावे. पाचव्या गणिताची तयारी तेथूनच सुरू होते.