स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : निवड कोणती आणि कशासाठी?

अतिस्थूलता म्हणजे जिभेवर ताबा नसल्याचा पुरावा, असे मानून रुग्णाला उपदेश करण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. वस्तुतः हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे आणि गुडघ्यांची झीज हे त्याचे सोबती. आहार, व्यायाम व औषधे यांनी पुरेसा गुण येत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ३५ वा अधिक असल्यास ती सुचवावी. आशियाई व्यक्तींसाठी ही मर्यादा २७.५ आहे.

प्रचलित शस्त्रक्रिया मुख्यतः दोन. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून केळ्याच्या आकाराची नळी राखतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही त्यामुळे घटते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात, उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून अन्न पुढे जाते. जठराभोवती पट्टा बसवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे.

या दोहोंत श्रेष्ठ कोणती? स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांच्या तुलनेचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन घटण्यात मोठा फरक आढळला नाही. मात्र आधीपासून छातीत जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के रुग्णांचा त्रास वाढला. बायपासनंतर हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. म्हणून तीव्र आम्लपित्ताच्या रुग्णाला बहुधा बायपास सुचवतात. उलट लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांची कमतरता बायपासनंतर अधिक जाणवते. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड व जुलाब होण्याचा त्रासही त्यात अधिक.

शाकाहारी कुटुंबांनी येथेच थांबून विचार करावा. वनस्पतिजन्य आहारात बी-१२ जवळजवळ नसतेच. दुधातून मिळते ते अनेकदा अपुरे पडते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी आणि नंतर आजन्म पूरक औषधे अटळ ठरतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. गोळी वा इंजेक्शनाचा पर्याय आधीच विचारून घ्यावा. डाळी, पनीर, ताक यांतून पुरेशी प्रथिने कशी मिळतील, हेही आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

चोविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. लहान झालेल्या जठरात पाणी घोटाघोटानेच जाते. सूर्यास्तापूर्वी दिवसाचे पाणी पुरे करणे आरंभीच्या महिन्यांत कठीण होते. निर्जळी उपवास तर त्या काळात धोक्याचाच. हा नियम लपवून ठेवू नये. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा आणि आजारपणातील सवलतीविषयी गुरुजनांशी बोलावे.

शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. नंतरच्या तपासण्या, औषधे आणि बदललेले ताट मात्र जन्मभराचे असते. त्यासाठी घरातील सर्वांची साथ मिळणार का, याचे उत्तर संमतिपत्रावर सही होण्यापूर्वीच मिळायला हवे.