रिकिबीत पाय (लेखांक ११) : उडी बिघडते ती वळणावर

मागच्या आठवड्यात कँटरमध्ये मांड स्थिर कशी ठेवायची ते पाहिलं. या टप्प्यावर शिकणाऱ्यांना एकच घाई असते: रिंगणात फिरणं पुरे, आता उडी कधी? ही घाई मला कळते. पण अडथळ्यावर घोडा अडला, दांडी पडली किंवा स्वार मानेवर गेला, तर कारण बहुतेक वेळा आधीच्या वळणावर सापडतं. हवेत असताना स्वाराला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. घोड्याच्या आड येऊ नये, एवढंच.

वळणावर काय होतं ते बारकाईने पाहू. समोर अडथळा दिसला की स्वार आतला लगाम ओढतो. घोडा मान आत घेतो, पण त्याचा बाहेरचा खांदा निसटतो. पुढचे पाय एका रेषेवर, मागचे दुसऱ्याच. उडीचं सगळं बळ मागच्या पायांतून येतं, ते आता तिरकं जातं. घोडा अडथळ्याच्या मध्यावर येतच नाही. मग स्वार घाबरून लगाम आणखी ओढतो, नाहीतर टाच मारतो.

यावर उपाय सपाटीवरच्या कामात आहे. आतली पोटरी तंगाजवळ टेकलेली, बाहेरचा लगाम शांत आणि स्थिर, आतला इतकाच की घोड्याच्या आतल्या डोळ्याची कड दिसावी. घोडा आतल्या पायाभोवती वाकतो आणि बाहेरचा लगाम त्याचा खांदा सांभाळतो. फ्रान्सच्या द ला गेरिनिएरने अठराव्या शतकात ‘शोल्डर-इन’ हा व्यायाम सविस्तर मांडला, तो याच कामाचा आहे. वीस मीटरच्या वर्तुळावर हे जमलं की अडथळ्याकडचं वळण निम्मं सुटतं.

दुसरी गोष्ट ढांगेची. स्पर्धेच्या मैदानात पूर्ण उंचीच्या घोड्याची कँटरमधली एक ढांग साधारण 12 फूट धरतात. उतरायला सहा फूट आणि पुढची उडी घ्यायला सहा फूट. म्हणून दोन अडथळ्यांत 24 फूट असले तर मध्ये एक ढांग, 36 असले तर दोन, 60 असले तर चार. अंतर आखणारा हाच हिशोब करतो आणि कधी मुद्दाम ते थोडं कमी-जास्त ठेवतो. तिथे ढांग आखडता किंवा लांबवता आली नाही, तर घोडा एकतर अडथळ्याच्या अगदी पायथ्याशी जाऊन पोहोचतो, नाहीतर फार लांबून झेप घेतो.

इथे फेदेरिको काप्रिल्लीचं नाव घ्यायलाच हवं. इटलीच्या घोडदळातला हा अधिकारी, 1868 ते 1907 एवढंच आयुष्य. त्याच्या आधी स्वार उडीत मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि लगाम धरून ठेवत. मोकळ्या घोड्याची उडी निरखून त्याने ती पद्धत मोडली. रिकिबी आखूड, बूड खोगिरापासून किंचित वर, हात घोड्याच्या तोंडामागे जाणारे. आज जगभर उडी घेणारा प्रत्येक स्वार त्याचाच ऋणी आहे. मात्र रिंगणातलं घोडा आवळून चालवण्याचं काम त्याला घोडदळासाठी अनावश्यक वाटे. उघड्या रानात ते खरं असेल. आजच्या वळणावळणाच्या कोर्सवर ते खरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ईव्हेंटिंगमध्ये तर त्याच घोड्यावर आधी ड्रेसाज (रिंगणातल्या चालींची परीक्षा) द्यावं लागतं, मग क्रॉसकंट्री आणि उडी. 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या फवाद मिर्झाने वैयक्तिक रौप्य मिळवलं ते याच प्रकारात.

आता या आठवड्याचा सराव. जमिनीवर दोन दांड्या 18 मीटर अंतरावर आडव्या ठेवा. कँटरमध्ये दोन्हींच्या मध्यावरून सरळ जा आणि मधल्या ढांगा मोठ्याने मोजा. चार किंवा पाच येतील. जो आकडा येईल तो सलग तीनदा तसाच आला पाहिजे. मग एक ढांग वाढवा. त्यासाठी लगाम खेचू नका. वळणावरच पाठ ताठ करा, बाहेरची मूठ क्षणभर मिटा, पोटऱ्या लावून ठेवा आणि लगेच मूठ सैल सोडा. हाच हाफ-हॉल्ट. सैल सोडणं विसरलात तर घोडा हातावर टेकू लागतो आणि ढांग आखडण्याऐवजी मरते. नंतर एक ढांग कमी करून पाहा: घोड्याने पाय लांब टाकावा, पळत सुटू नये. शेवटच्या ढांगांत खांदे पुढे टाकायचा मोह होईल, तो आवरा. तुमचं वजन पुढे गेलं की घोड्याला पुढचे पाय उचलणं जड जातं.

पुढच्या आठवड्यात सलग दोन अडथळे घेऊ. दोन्ही आकडे न ओढता, न हाकता जमेपर्यंत दांड्या जमिनीवरच राहू द्या.