अर्ध्या मिनिटाचा पाहुणा

मासिक चाळतांना जाहिरातीचें पान आलें, तर तें उलटण्यास वाचकाला प्रयास पडत नाहींत. रस्त्यावरील फलकाकडे पाठ फिरवितां येते. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीचें तसें नाहीं. घरांतील सारी मंडळी एकत्र बसलेली असतां ती न बोलावतां येते, अर्धें मिनिट बोलते आणि निघून जाते. अशा शेंकडों पाहुण्यांपैकीं बहुतेकांचें नांव आपण दुसऱ्या दिवशीं विसरतों. पण कांहीं थोड्यांची मूर्ति तीस-चाळीस वर्षें लोटलीं तरी डोळ्यांपुढून हलत नाहीं. असें कां होतें, आणि असल्या जाहिराती आपणांस काय शिकवून जातात, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. ‘शिकवून’ हा शब्द मीं जाणूनबुजून योजिला आहे. सारा जन्म शाळेंत घालविलेल्या मनुष्याला जाहिरातदार हा आपल्याच धंद्यांतील वाटतो. ठेका, यमक, उदाहरण आणि उजळणी हीं त्याचींहि हत्यारें.

ही विद्या आपल्याकडे प्रथम कानाच्या वाटेनें रुजली. आकाशवाणीच्या ‘विविध भारती’वर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून सुरू झाल्या, आणि तो आरंभ मुंबई, पुणें व नागपूर या आपल्याच केंद्रांवरून झाला. मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. तथापि दूरदर्शननें जाहिराती घेण्यास प्रारंभ केला तो १ जानेवारी १९७६ रोजीं. त्याच्या पुष्कळ आधींपासून चित्रपटगृहांत, मुख्य चित्रपटापूर्वीं व मध्यंतरांत, जाहिरातींचे छोटे चित्रपट दाखवीत असत. असे चित्रपट बनविणारांत दुर्गाबाई खोटे यांची संस्थाहि होती, ही गोष्ट त्यांना केवळ अभिनेत्री म्हणून ओळखणारांच्या सहसा ध्यानांत नसते. थोडक्यांत, दूरदर्शनला गाणें आयतें मिळालें तें आकाशवाणीकडून, आणि चित्र मिळालें तें चित्रपटगृहाकडून.

येथें वेळ सेकंदांवर विकला जातो. भाव दर दहा सेकंदांचा ठरतो. तीस सेकंदांत बेतानें बोलणारा मनुष्य साठ-सत्तरांहून फारसे अधिक शब्द उच्चारूं शकत नाहीं. तेवढ्यांत माल कोणता, त्याचें नांव काय आणि तो कां घ्यावा हें सांगून शिवाय ऐकणाराचें मन रमवावयाचें. इतक्या अपुऱ्या जागेंत नवें कांहीं पटवून देणें जवळजवळ अशक्य. म्हणून शहाणा जाहिरातदार आपल्या मनांत आधींच वसत असलेल्या गोष्टीला हात घालतो. माझ्या मतें सारें मर्म येथेंच आहे. घरांतील एखादी लकब, एखादें नातें, एखादी धास्ती उचलून जी जाहिरात आपणांस परत दाखविते, ती राहते. मालाची नुसती थोरवी गाणारी जाहिरात त्या संध्याकाळींच विरून जाते.

कपडे धुण्याच्या पावडरींचें युद्ध हें याचें चांगलें उदाहरण आहे. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनीं १९६९ सालीं घरच्या घरीं पावडर तयार करून ती सायकलीवरून विकण्यास आरंभ केला, आणि आपल्या निरुपमा या मुलीच्या नांवावरून तिला ‘निरमा’ हें नांव दिलें. तिची जाहिरात अगदीं साधी होती : पांढऱ्या झग्यांत गिरकी घेणारी एक मुलगी, आणि एक गाणें. गाण्यांत चौघींचीं नांवें गुंफलेलीं. तींहि अशीं कीं कोणत्याहि आळींत हांक मारली असतां कोणी तरी ओ द्यावी. ज्या पोरांना अजून बाराखडी येत नव्हती तींहि हें गाणें अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवीत, हें त्या काळच्या प्रत्येक शिक्षकानें पाहिलें असेल. मला तर कित्येकदां त्या चालीचा हेवा वाटे.

निरमाच्या स्वस्ताईपुढें त्या वेळच्या हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या महागड्या ‘सर्फ’ची कोंडी झाली. तेव्हां लिंटास या जाहिरातसंस्थेच्या अलेक पदमसी यांनीं ललिताजी नांवाची गृहिणी उभी केली. ही भूमिका कविता चौधरी यांनीं केली. पुढें १९८९ सालीं ‘उडान’ मालिकेंत पोलीस अधिकारी झालेल्या त्या याच, आणि २०२४ सालीं त्यांचें निधन झालें तेव्हां अर्ध्या देशानें त्यांना ललिताजी म्हणूनच आठविलें. ही बाई गात नाहीं, नाचत नाहीं, लाडिक हंसत नाहीं. भाजीवाल्याशीं घासाघीस करते, आणि मग प्रश्न विचारणाऱ्या अदृश्य पुरुषाला ठणकावून सांगते कीं, स्वस्त वस्तु घेणें निराळें आणि चांगली वस्तु घेणें निराळें. अर्धा किलो सर्फ हें किलोभर स्वस्त पावडरीच्या बरोबरीचें आहे. श्रोतेहो, हें निव्वळ त्रैराशिक आहे. त्याचें उत्तर बरोबर होतें कीं नाहीं, हा वाद कपडे धुणाऱ्यांनीं मिटवावा. परंतु गृहिणीला हिशेब कळतो, पैसा वाचविणें आणि कंजुषी करणें यांतील भेद तिला ठाऊक आहे, असें गृहीत धरून ही जाहिरात तिच्याशीं बोलली. प्रत्येक घरांत अशी एक ललिताजी होतीच. आपली आई, मावशी अथवा शेजारच्या काकू. पडद्यावर ती प्रथमच भेटल्यासारखें कोणालाहि वाटलें नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईंत परळला सुरू केलेली विको ही मराठी माणसाची कंपनी. तिच्या हळदीच्या मलमाच्या जाहिरातींत लग्नघर, नवरीला लागणारी हळद आणि तिच्या कांतीची तारीफ असे. हळदीचा आणि वधूच्या तेजाचा संबंध जोडण्यास पेंढरकरांना एक पैहि खर्चावी लागली नाहीं. तें काम आपल्या आज्या-पणज्यांनीं आधींच करून ठेविलें होतें. पण या गाण्याची खरी मौज निराळीच आहे. हें मलम म्हणजे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असें त्या गाण्यांतच बजावलेलें असे. ऐकणाराला तें यमकापुरतें वाटे. वस्तुतः तो कंपनीचा कायदेशीर पवित्रा होता. सौंदर्यप्रसाधनावर अबकारी कर जबर आणि आयुर्वेदीय औषधावर कमी, यावरून सरकारच्या अबकारी खात्याशीं तिचा तंटा कित्येक वर्षें चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. वकिलाची कैफियत लहान मुलें चालीवर म्हणत हिंडत असल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

बजाजच्या स्कूटरची जाहिरात याहून वेगळ्या प्रकारची. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या या स्कूटरीसाठीं एके काळीं पैसे भरून वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. नंबर लागला कीं पेढे वाटीत. ज्या मालासाठीं रांग आहे त्याची जाहिरात कशाला? परंतु १९८० नंतर जपानी तंत्राच्या नव्या दुचाक्या बाजारांत आल्या आणि रांग विरळ होऊं लागली. तेव्हां १९८९ सालीं लिंटासनेंच ‘हमारा बजाज’ ही जाहिरात काढली. तींत यंत्राची ताकद नाहीं, पेट्रोलचा हिशेब नाहीं; निरनिराळ्या थरांतील साधीं माणसें आपली गाडी पुसतांना, कुटुंबाला मागें बसवून नेतांना दिसतात. सारा भर ‘आमचा’ या एका शब्दावर. ज्यानें त्या गाडीसाठीं अर्धें तारुण्य वाट पाहिली होती त्याला तो शब्द कसा लागला असेल, हें सांगावयास नको. पेट्रोलवरील चेतक पुढें बंद पडली. २०२० सालीं विजेवर चालणारी नवी गाडी काढतांना कंपनीला तेंच नांव परत घ्यावेंसें वाटलें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जुन्या जाहिरातींचें कौतुक करतांना आपण विसरतों कीं, तेव्हां बहुतेक घरांत पाहण्यास वाहिनीच एक होती. रविवारीं सकाळीं आणि रोज रात्रीं सारा गांव तेंच पाही. झी टीव्ही निघाली १९९२ सालीं, मराठीची स्वतंत्र खासगी वाहिनी ‘अल्फा’ १९९९ सालीं. तोंवर उजळणी सक्तीची होती, आणि सक्तीच्या उजळणीनें पाढेसुद्धां पाठ होतात. म्हणून त्या स्मरणाचें सारें श्रेय कल्पकतेला देणें न्याय्य होणार नाहीं.

बहुतेक जाहिरातसंस्था मुंबईंत होत्या आणि त्यांचा विचार इंग्रजींतून चाले. हिंदी मजकूर हा बहुधा त्याचा तरजुमा असे. ही रीत मोडण्यांत पीयूष पांडे यांचा वांटा मोठा. जयपूरचा हा मनुष्य १९८२ सालीं ओगिल्व्ही या संस्थेंत आला. २४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तो निवर्तला. चॉकोलेट ही केवळ मुलांची वस्तु, प्रौढानें खाणें लाजिरवाणें, ही आपली जुनी समजूत. त्यावर त्यानें १९९४ सालीं कॅडबरीसाठीं एक प्रसंग योजिला. फलंदाज शतकाच्या उंबरठ्यावर आहे. तो चेंडू उंच टोलवितो, झेल जातो कीं काय अशी धाकधूक, आणि षट्कार होतांच त्याची मैत्रीण पहारेकऱ्याला चुकवून मैदानांत नाचत शिरते. नृत्य मुळींच शिकलेलें नाहीं; म्हणूनच तें खरें वाटतें. २०२१ सालीं तीच जाहिरात उलट करून दाखविली : षट्कार मारते ती मुलगी, आणि नाचत येतो तो मुलगा. मधल्या सत्तावीस वर्षांत क्रिकेटच्या मैदानावर आणि घराघरांत काय घडलें, हें त्या अदलाबदलींत एकाहि शब्दावांचून आलें.

फेविकॉलच्या जाहिराती मला याहूनहि सरस वाटतात. पूर्वीं सुतार शिजवून वापरावयाचा सरस वापरीत. बळवंत पारेख यांच्या कंपनीनें पांढरा तयार डिंक आणला आणि तो आधीं थेट सुतारांपर्यंत नेला. २००२ सालच्या जाहिरातींत राजस्थानांतील वाळवंटांतून एक मोटार चाललेली दिसते. टपावर, दारांत, पाठीमागें, जेथें हात पुरेल तेथें माणसें लोंबकळत आहेत. मोटार हिसके खाते, पण कोणी पडत नाहीं. ती पुढें जाते तेव्हां मागच्या बाजूला फेविकॉलची पाटी दिसते. बस्स. या जाहिरातीला कान येथील महोत्सवांत रौप्यपदक मिळालें, परंतु तिची खरी पावती आपल्या बोलण्यांत आहे. जागा न सोडणाऱ्या पुढाऱ्याविषयीं ‘खुर्चीला फेविकॉल लावून बसला आहे’ असें आपण बोलून जातों, तेव्हां त्या शब्दाला आपण मराठींत नांदावयास घेतलेलें असतें.

मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींविषयीं मी फार बोलणार नाहीं. २००३ सालचा मुलाच्या मागें मागें जाणारा तो चपट्या नाकाचा कुत्रा गोड खरा. पण त्याच्या लोभानें त्या जातीचीं पिलें पाळण्याची लाट आली, आणि आपल्या उन्हाळ्यांत त्या जनावरांना श्वास घेणें किती कठीण जातें याचा विचार पुष्कळांनीं केला नाहीं.

यावरून मूळ प्रश्नाकडे येतों. लक्षांत राहणें हा जाहिरातीचा गुण झाला. तें जाहिरातीच्या चांगुलपणाचें प्रमाण नव्हे. पान परागच्या जाहिरातींत शम्मी कपूर हे वरपिता आणि अशोककुमार हे वधूपिता होते. वरपिता म्हणतो, एक गोष्ट सांगावयाची राहिली. आणि वधूपित्याबरोबर आपलेंहि काळीज धसकतें, कारण हुंड्याची धास्ती प्रत्येक घराला ठाऊक. मागणी निघते ती पानमसाल्याची, आणि सारे हंसतात. रचना म्हणून अर्ध्या मिनिटांत याहून बिनचूक कांहीं साधणें कठीण. परंतु त्या हंसण्यांतून जो माल घरांत आला त्यांतील सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें दिला, आणि २०१२ सालीं महाराष्ट्र शासनाला गुटखा व पानमसाला यांवर बंदी घालावी लागली. गोरेपणाच्या मलमांनींहि अशाच एका धास्तीवर, सांवळ्या मुलीचें लग्न जमेल कीं नाहीं या धास्तीवर, आपला व्यापार थाटला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मलमाच्या नांवांतून ‘फेअर’ हा शब्द गेला तो २०२० सालीं. तोंवर पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं.

याच हत्यारानें दुसरें कामहि झालें आहे. पोलिओच्या डोसासाठीं अमिताभ बच्चन गोड शब्दांनीं विनवीत, तेवढ्यानें काम भागेना. तेव्हां ते पडद्यावरून रागें भरूं लागले. घरांतील वडील माणूस संतापला म्हणजे त्याची आज्ञा ऐकावयाची, ही आपल्याकडची रीत तेथें उपयोगी पडली. भारतांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. दारोदार फिरून मुलांच्या तोंडांत थेंब घालणाऱ्या लाखों स्वयंसेवकांचें तें यश आहे. जाहिरातीनें त्यांच्यासाठीं दार उघडून दिलें.

राहतां राहिली मराठीची गोष्ट. वरील जाहिरातींपैकीं बहुतेक आपण हिंदींतूनच ऐकल्या. आतां मराठी वाहिन्या पुष्कळ झाल्या, तरी पुष्कळशा जाहिराती मूळ हिंदींत चित्रित होतात आणि मराठी आवाज त्यावर मागाहून चढवितात. ओठांची हालचाल आधींच ठरलेली. हिंदींतील ‘है’ एका अक्षरांत संपतें, आपलें ‘आहे’ दोन अक्षरें मागतें. भाषांतरकार बिचारा ओठ सांभाळतो आणि वाक्य गमावतो. त्यांतून ‘मला मदत करा’ याच्या जागीं ‘माझी मदत करा’ असें मराठी घरोघर पोहोंचतें, आणि निरमाचें गाणें ज्या वेगानें पाठ झालें त्याच वेगानें तेंहि पाठ होतें. वह्या तपासतांना तांबड्या शाईनें मीं हें वाक्य किती वेळां खोडलें असेल, याची गणती नाहीं. मुलगा वर पाहून म्हणे, ‘गुरुजी, टीव्हीवर असेंच म्हणतात.’