नाईलकाठची वीस वर्षे

८ मार्च १९६० रोजी युनेस्कोचे महासंचालक व्हित्तोरिनो व्हेरोनेसे यांनी जगाकडे मदत मागितली. दोनच महिन्यांपूर्वी आस्वानच्या मोठ्या धरणाचं काम सुरू झालं होतं. इजिप्तला शेतीसाठी पाणी हवं होतं, कारखान्यांसाठी वीज हवी होती. ती गरज खरी होती. पण धरण भरलं की इजिप्त आणि सुदानच्या सीमेवरचा न्युबिया सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या जलाशयाखाली जाणार होता. देवळं, थडगी, किल्ले, अजून कुदळही न लागलेल्या जुन्या वस्त्या, सगळंच बुडीत क्षेत्रात होतं.

त्यानंतरची वीस वर्षं धावपळीची गेली. देशोदेशींची पथकं उत्खननाला आली. आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये आफ्येह इथे खणत होतं.

सगळ्यात अवघड प्रश्न अबू सिंबेलचा होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या रामसेसने डोंगर कोरून घडवलेली ही दोन मंदिरं. मोठ्याच्या दारातल्या राजाच्या चार मूर्ती प्रत्येकी २० मीटर उंच. वेरूळचं कैलास लेणं उचलून वरच्या पठारावर ठेवायचं म्हटलं तर काय करावं लागेल, याची कल्पना केली की हे काम समजतं. १९६४ ते १९६८ या काळात ते झालं. चढतं पाणी थोपवायला आधी बांध घातला. वरचा डोंगर फोडताना दगड पडून मूर्तींना इजा होऊ नये म्हणून दर्शनी भाग वाळूत बुजवला. इटलीतल्या संगमरवराच्या खाणींत हात बसलेले कारागीर कोरीव भागावर हातकरवत चालवत होते. हजाराहून अधिक तुकडे झाले. कित्येकांचं वजन २० टनांच्या पुढे. प्रत्येकावर क्रमांक घालून ते ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळवले आणि पाठीमागे काँक्रीटचा घुमट बांधून त्यावर डोंगर रचला. मंदिराची दिशाही जपली. म्हणून आजही फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात.

फिले बेटावरचं इसिसचं मंदिर १९०२ च्या जुन्या धरणापासूनच वर्षातला बराच काळ पाण्यात उभं असे. तेही सोडवून शेजारच्या आगिल्किया बेटावर नेलं आणि मार्च १९८० मध्ये मोहीम संपली. अबू सिंबेल आणि फिले मिळून सुमारे ८ कोटी डॉलर खर्च आला. त्यातला निम्मा ५० देशांनी उचलला. कृतज्ञता म्हणून इजिप्तने दिलेली छोटी मंदिरं आज न्यूयॉर्क, माद्रिद आणि लायडनमध्ये उभी आहेत. एका देशाचा ठेवा सगळ्यांनी मिळून सांभाळायचा, हा विचार इथेच रुजला आणि १९७२ च्या जागतिक वारसा करारात उतरला. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ त्याच कराराच्या वारसा यादीत आले.

पण या काळाचा हिशेब इथे पुरा होत नाही. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबियन माणसांना कोम ओम्बोजवळ हलवलं. नव्या वसाहतींना जुन्या गावांचीच नावं दिली, पण नदी लांब राहिली. खजुराची बनं बुडाली, रंगवलेल्या भिंतींची, ऐसपैस अंगणांची घरं बुडाली. सुदानमधले वादी हाल्फाचे लोक तर शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिर्बाला गेले.

धरणग्रस्त हा शब्द ज्यांच्या घरातला आहे, त्या मराठी आणि कोकणी माणसांना हे सांगावं लागत नाही. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव गेलं; गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं. ते योग्यच झालं. गाव मात्र पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती उघडी पडतात आणि जुने गावकरी तिथे जमतात.

न्युबियाच्या मोहिमेचं मोल मी कमी मानत नाही. माणसाने दगडासाठी इतका जीव लावल्याची दुसरी उदाहरणं थोडी आहेत. मागणं एवढंच, की यापुढे कुठेही बुडीत क्षेत्राचा नकाशा आखला जाईल, तेव्हा देवळाच्या दगडांवर क्रमांक घालणाऱ्यांच्या सोबत शेतांची नावं, बायकांची गाणी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी उतरवून घेणारी माणसंही पाठवावीत. आणि हे काम पाणी अडवण्याच्या आधी व्हावं.