माता-बालसंगोपनातली माता कुठे आहे?

‘माता-बालसंगोपन’ हा शब्द सरकारी फलकांवर इतकी वर्षे लिहिलेला आहे की, त्यातली माता नेमकी कुठे आहे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो प्रश्न १९८५ साली ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या अमेरिकन संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उघडपणे विचारला. त्या काळी जगात दरवर्षी सुमारे ५ लाख स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात मरत होत्या. मातेच्या नावाने चाललेल्या योजना मात्र मुख्यतः मुलांसाठी राबत होत्या. लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, बाळाचे वजन ही कामे आवश्यकच होती. पण त्यांनी रक्तस्रावाने मरणारी बाळंतीण वाचत नव्हती.

रोझेनफील्ड मूळचे प्रसूतितज्ज्ञ. नायजेरियात काम करून ते १९६७ मध्ये थायलंडला गेले आणि सुमारे सहा वर्षे तेथील सरकारचे कुटुंबनियोजन सल्लागार राहिले. गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरनेच लिहून द्याव्यात असा तेथे नियम होता, आणि खेड्यात डॉक्टरच नव्हता. नियम कागदावर सुरक्षित, बाई वाऱ्यावर! रोझेनफील्ड व त्यांच्या थाई सहकाऱ्यांनी गावोगावच्या सहायक प्रसविकांना प्रश्नांची एक साधी यादी दिली. त्या प्रश्नांची उत्तरे घेऊन कोणाला गोळी द्यावी, कोणाला डॉक्टरकडे पाठवावे, हे त्या ठरवीत. प्रयोग यशस्वी झाला आणि १९७० मध्ये सरकारने ही परवानगी देशभर दिली. ज्ञानाची मक्तेदारी सुरक्षिततेच्या नावाखाली कशी टिकवली जाते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पण कुटुंबनियोजनाने सारे साधते का? येथे नीट विचार केला पाहिजे. नको असलेली गर्भधारणा टळली, की तिच्यातला धोकाही टळतो. असुरक्षित गर्भपातही कमी होतात. परंतु जी बाई आज गरोदर आहे, तिचे बाळंतपण त्यामुळे निर्धोक होत नाही. सुमारे १५ टक्के गरोदर स्त्रियांत गंभीर गुंतागुंत उद्भवते. ती कोणात उद्भवेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. धडधाकट, चांगले खाल्लेल्या बाईलाही प्रसूतीनंतर असा रक्तस्राव होऊ शकतो की, तिच्या हाती दोनच तास उरतात. तेव्हा दाईला प्रशिक्षण दिले आणि ‘जोखमीच्या’ बायांची यादी केली, एवढ्याने भागत नाही. रक्त, औषध, शस्त्रक्रिया आणि ती करणारा माणूस वेळेवर मिळाला पाहिजे.

‘वेळेवर’ याचा अर्थ सेरीन थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंबांतून उलगडला. पहिला विलंब घरात होतो: बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरवण्यात. दुसरा वाटेत: रस्ता नाही, वाहन नाही, पैसा नाही. तिसरा दवाखान्याच्या दारात शिरल्यावर: डॉक्टर नाही, रक्त नाही किंवा बाईकडे बघायलाच कुणी तयार नाही. आपण बहुधा पहिल्या विलंबाशी थांबतो आणि ‘अडाणी लोक’ म्हणून मोकळे होतो. पण ज्या दवाखान्यात अपमान आणि कर्ज यांखेरीज काही मिळत नाही, तिथे जायला घर कचरते. तिसरा विलंबच पहिल्याला जन्म देतो.

बाईला केवळ साधन मानण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे सक्ती. मुंबई विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला आणि त्यावरील बाबासाहेबांचे भाषण वाचून दाखवले. मूल हवे की नको, हे ठरवणे सर्वस्वी बाईच्या इच्छेवर असावे, अशी त्यात मागणी होती. ठराव फेटाळला गेला. पुढे १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या अनेक दगावल्या. उद्दिष्टाचा आकडा गाठायचा असला, की बाई हाच आकडा होतो.

रोझेनफील्ड २००८ साली वारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार माता दगावल्या. १९८५ च्या निम्म्यावर आकडा आला, हे यश खरेच. पण यांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९९७ मध्ये एक मोजमाप ठरवून दिले: दर ५ लाख लोकवस्तीमागे तातडीची प्रसूतिसेवा देणारी किमान पाच केंद्रे, आणि त्यांपैकी निदान एकात सिझेरियन व रक्त देण्याची सोय. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात हाच हिशेब मागावा. रात्री दोन वाजता सिझेरियन कुठे होते? रक्त कुठे मिळते? तिथवर न्यायला गाडी कोणती? योजनेतली माता कुठे आहे, ते या तीन उत्तरांवरून कळेल.