लिनक्स कर्नलचे आवृत्ती-भांडार आणि पूर्वेतिहासाचा प्रश्न

दीर्घकाळ चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पात कोणता बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद आवृत्ती-भांडारात राहते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स कर्नलला २००२ पर्यंत असे अधिकृत भांडार नव्हते. बदल ई-मेलने येत. त्या वर्षी ‘बिटकीपर’ स्वीकारले गेले. ते विनामूल्य मिळत होते, परंतु मालकी खाजगी होती. २००५ मध्ये ही सवलत संपली आणि टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये ‘गिट’ लिहावयास घेतले.

नव्या भांडाराची पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची आहे. त्यापूर्वीचा इतिहास उपलब्ध असूनही वगळण्यात आला, कारण तो सुमारे ३.२ गिगाबाइट भरत होता. त्या घाईत हा निर्णय समर्थनीयच म्हणावा लागेल. मात्र त्याची किंमत अभ्यासकाला आजही मोजावी लागते. जुन्या ओळीचा कर्ता शोधू गेल्यास तेथे टॉरवाल्ड्स यांचेच नाव दिसते, मग ती ओळ कोणीही लिहिलेली असो. पूर्वेतिहास स्वतंत्र भांडारांत आहे. ‘गिट रिप्लेस’ या आज्ञेने तो आपापल्या संगणकावर जोडता येतो. मुख्य भांडारात मात्र तो घालणे दुरापास्त आहे. प्रत्येक नोंदीचा संकेतांक आधीच्या नोंदीवर अवलंबून असल्याने मुळाशी केलेला बदल पुढील सर्व संकेतांक पालटवील आणि जगभरच्या प्रतींशी असलेला मेळ तुटेल.